लांब केसांचं मांजर शनिवार-रविवारपुरतं नसतं

"मांजराला कधी कुणी विंचरतं का?" कर्जत-खालापुरात लांब केसांच्या मांजराचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा गावातला जुना माणूस असतो. त्याने जन्मभर घरात मांजरं पाहिलेली असतात. भाताच्या कणगीपाशी उंदरावर टपलेली, पावसाळ्यात चुलीच्या उबेला येऊन पडलेली, कंगवा कधी अंगाला न लागलेली आणि तरीही तुकतुकीत. त्याचं पाहणं खरं आहे. पण त्यावरून शेजारच्या फार्महाऊसमधल्या पर्शियनबद्दल तो जे अनुमान काढतो, ते साफ चुकीचं आहे. दुसऱ्या बाजूला त्या फार्महाऊसचे मालक. "मुंबईच्या फ्लॅटमध्ये कोंडून ठेवण्यापेक्षा इथे मोकळं हिंडेल, मांजर आपलं आपण बघतं," असं ते मनापासून सांगतात आणि रविवारी संध्याकाळी फाटकाला कुलूप लावून एक्स्प्रेस-वे धरतात. एकाचा भरवसा अनुभवावर, दुसऱ्याचा निसर्गावर. मांजराच्या वाट्याला दोघांकडूनही तेच येतं: काखेत, कानामागे आणि शेपटीखाली दिवसागणिक आवळत जाणारा गुंता. या दोन्ही भरवशांना मला उत्तर द्यायचं आहे, कारण ते दोन्ही चांगल्या मनाने बाळगलेले आहेत आणि दोन्हींमुळे जनावराचे हाल होतात.

'आपलं आपण बघतं' हे आधी घेऊ. मांजराची जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो बारीक काटे असतात. ज्या केराटिनची नखं, त्याचेच हे काटे. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरच्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत मार्जारकुळातल्या सहा प्राण्यांच्या जिभा तपासल्या. काट्यांची टोकं पोकळ निघाली. तोंडातली लाळ त्या पोकळीत चढते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीवर जाऊन उतरते. केस जिभेखाली दबल्यावर त्यांचा जो थर उरतो, त्याच्या पार जाण्याइतके हे काटे लांब असतात. वाघाचं हे गणित जमलं, सिंहाचं जमलं, साध्या घरगुती मांजराचंही जमलं. अपवाद ठरली ती पर्शियन. तिचे केस दबले तरी थर इतका जाड राहतो की काटे कातडीपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणजे पर्शियन आळशी असते असं नाही. इतर मांजरांसारखीच तीही जागेपणाचा मोठा भाग चाटण्यात घालवते. पण चाटून वरचा थर ओला होतो, सुटलेले केस पोटात जातात आणि खालची मऊ लोकर जिथल्या तिथे राहते. पोटात गेलेले केस ओकून पडले तर ठीक. आतड्यात अडकले तर पोट फाडावं लागतं. पेट शॉपमध्ये पिल्लू दाखवताना 'ट्रिपल कोट', 'पंच फेस' असे शब्द कौतुकाने वापरले जातात आणि त्या शब्दांवर किंमत चढते. हा कोट या जनावराला स्वतःला आवरता येत नाही, हे त्याच वेळी सांगितलं पाहिजे. चपट्या तोंडामुळे डोळ्यांतलं पाणी नाकाकडे नीट उतरत नाही, ते गालावर ओघळून केस कुजवतं आणि ते रोज ओल्या कापसाने टिपावं लागतं, हेही तेव्हाच सांगितलं पाहिजे.

'निसर्गाने केस दिले, निसर्ग बघून घेईल' हा दुसरा भरवसा. केस कुठवर वाढू द्यायचे हे ठरवणाऱ्या एफजीएफ५ नावाच्या जनुकात बदल झाला की मांजराचे केस लांब होतात. हा बदल निसर्गात घडला, पण टिकवला आणि वाढवला माणसाने. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातून लिहिलेल्या पत्रांत खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचं वर्णन आहे. खोरासान म्हणजे उंच, कोरडा मुलूख, हिवाळा कडक. पुढे ही मांजरं युरोपात गेली, १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि तिथून पिढ्यान् पिढ्या निवड करून केस आणखी दाट, तोंड आणखी चपटं करत आजची पर्शियन घडवली गेली. माणसाने आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी जे केस लांबवले, ते विंचरायची वेळ आली की निसर्गाकडे बोट दाखवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

आणि निसर्ग म्हणाल तर तो कुठला? कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर इथे भिंतीला ओल असते, कपाटातल्या चामडी चपलेवर बुरशी चढते, दोरीवरचे कपडे तीन दिवसांत वाळत नाहीत. अशा हवेत मांजराच्या अंगावरची केसांची गाठ आत ओलीच राहते. ओलीखाली कातडी लाल होते, मग चिघळते. बुरशीचं गजकर्ण लांब केसांच्या मांजरांत सहज घर करतं, आणि मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची ही बुरशी त्या मांजराला कवटाळून झोपणाऱ्या पोराच्या मानेवर, दंडावरही उठते. शेपटीखालच्या केसांना विष्ठा चिकटून राहिली तर पावसाळ्यात माश्या तिथे अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. बैलाच्या खांद्यावरच्या जखमेत अळ्या पडलेल्या इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिल्या आहेत. दाट केसांखाली त्या दिसत नाहीत, एवढाच फरक. आधी येतो तो वास.

पाऊस ओसरला की दुसरा अध्याय. उल्हासच्या काठाने असो की पाताळगंगेच्या, दसऱ्यानंतर माळ पिवळे पडायला लागतात आणि गवताला कुसळं येतात. आघाड्याची बोंडं चालत्या पँटला चिकटतात, ती मांजराच्या पोटाला चिकटणार नाहीत का? कुसळाची रीत अशी की ते एकाच दिशेने पुढे सरकतं. केसांतून कातडीत, कातडीतून आत. पायाच्या बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आठवडाभराने गळू होऊन वर येतं. थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. त्यांची लव अंगावर पडली तर माणूस कपडे फाडून घेतो. 'मोकळं हिंडेल' म्हणणाऱ्याने हे सगळं आपल्या अंगाला लावून पाहिलेलं नसतं, कारण तो पायवाटेनेच चालतो.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास एका बंगल्याची राखण करणारं जोडपं भाजीच्या क्रेटमध्ये मांजर घालून माझ्याकडे आलं. मी पशुवैद्य नव्हे, पण मांजरांत वावरते म्हणून लोक येतात. "ताई, हातच लावू देत नाही. शेठ म्हणतात, चिडकीच आहे ती," बाई म्हणाली. मांजर फरशीवर उतरलं आणि पुढचा पाय टाकताना थबकलं. काखेतले केस छातीच्या केसांशी गुंतून एकच जाड पट्टा झाला होता, आणि पाऊल पुढे पडलं की तो पट्टा कातडी ओढत होता. प्रत्येक पावलाला. चिडकं ते मांजर नव्हतं, दुखत होतं त्याला. पट्ट्याच्या कडेने जिथे केस अजून सुटे होते तिथे आम्ही मक्याचं पीठ, किराणा दुकानात कॉर्नफ्लॉवर म्हणून मिळतं ते, चिमटीने भुरभुरवलं. गाठीच्या मुळाशी कातडीलगत दोन बोटांनी केस घट्ट धरले, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग गाठ बोटांनीच कडेकडेने फाकवत गेलो, आणि ती सैल झाल्यावर स्टीलच्या रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मूळ. बाईने दहा मिनिटांत ते उचललं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. मधला घट्ट गोळा मात्र आम्ही सोडून दिला. तो डॉक्टरने मशीनने काढला.

कात्री घेऊ नका, हे इथे ठासून सांगते. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते आणि मांजराची कातडी फार पातळ असते. केस कापतोय असं वाटत असताना कातडीच कापली जाते. गुंता असताना आंघोळही घालू नका. पाण्याने गाठ आणखी आवळते.

त्या बाईला कामावर ठेवताना झाडांना पाणी, पोहण्याच्या तलावाची सफाई, फाटक, कुत्र्याचं खाणं, सगळं समजावून सांगितलेलं होतं. मांजराच्या केसांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, कंगवा दिलेला नव्हता, आणि या कामाचा पगारात हिशेब नव्हता. मांजर आजारी पडलं तेव्हा बोलणी तिनेच खाल्ली. माझा राग आहे तो या व्यवहारावर. मालकाचं मांजरावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण आठवड्यातले पाच दिवस ते प्रेम शंभर किलोमीटरवर असतं, आणि गुंता त्या पाच दिवसांत होतो. ज्याला रोज हात लावता येत नाही त्याने रोज हात लावणारा माणूस नेमावा, त्याला शिकवावं, साधनं द्यावीत आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. "आमच्या वाडीवर रात्री बाई अडली तर गाडी मिळत नाही, आणि तुम्ही मांजराचे केस विंचरायच्या गोष्टी सांगता?" ठाकूर-कातकरी वाड्यांमधून हे ऐकलं की मान खाली जाते, कारण ते खरं आहे. पण हा प्रश्न मांजर आणणाऱ्याला विचारायचा आहे, मांजराला नव्हे. वाडीवर गाडी नाही म्हणून शेजारच्या बंगल्यात जनावर कुजत ठेवल्याने वाडीवर गाडी येत नाही. आणि हे चोचले म्हणून सोडून द्यावं इतकं खर्चिकही नाही. लागतो एक स्टीलचा कंगवा आणि दिवसाची दहा मिनिटं. खर्च वाढतो तो दुर्लक्षानंतर. तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या कामात गुंतलेले असतात, आणि ते तसंच असायला हवं. मांजराला भूल देऊन अंगभर गुंता काढायचा तर पनवेल गाठावं लागतं, नाहीतर लोकलने दोनेक तासांवरचं परळचं बैलघोडा हॉस्पिटल. शिवाय चपट्या नाकाच्या मांजराला भूल देणं हे इतर मांजरांपेक्षा जोखमीचं असतं.

या भुलीचा विचार न करता दिला जाणारा एक सल्ला आहे: "मार्चमध्ये सरळ भादरून टाका, वर्षभराची कटकट मिटली." एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हा सल्ला दयाळूपणाचा वाटतो. पण केसांचा थर उन्हाला अडवतोही. उघड्या पडलेल्या फिकट कातडीला ऊन भाजतं, डास-माश्यांना ती मोकळी मिळते. मांजराला गारवा लागतो तो सावलीचा, फरशीचा, पाण्याचा आणि वारा खेळेल अशा विंचरलेल्या केसांचा. दाबून बसलेली मेलेली लोकर काढली की उरलेला कोट हवा खेळती ठेवतो. पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस थोडे कापून ठेवणं वेगळं. ते मी स्वतः पावसाआधी करायला सांगते. गुंता हाताबाहेर गेला तर डॉक्टरने भादरणं हा उपचार आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. पण दरवर्षी भादरायचं ठरवून वर्षभर कंगव्याला हात न लावणं म्हणजे जनावराला आधी गुंत्यात आणि मग मशीनखाली घालणं.

गोठ्यातलं औषध हा तर जिवाशी खेळ आहे. गोचीड-पिसवा झाल्या की म्हशीला लावतात तेच गोचिडनाशक पाण्यात मिसळून मांजराला चोळणारे लोक इथे आहेत, आणि ते काही दुष्ट नाहीत. म्हशीला गुण येतो तर मांजराला का नाही, एवढाच त्यांचा हिशेब. उत्तर मांजराच्या यकृतात आहे. काही विषं शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी प्रक्रिया मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही त्यातलीच. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर थरथर सुटते, लाळ गळते, आकडी येते, आणि मांजर जाऊ शकतं. फिनेल आणि फिनॉलच्या कुळातली जंतुनाशकंही तशीच, आणि लांब केसांत ती जास्त वेळ टिकतात, मांजर ती चाटून पोटात घेतं. बाटलीवर 'मांजरासाठी' असं छापलेलं नसेल तर ती उघडू नका.

राहिली नखं. "सोफा फाडते, पोराला ओरबाडते, नखं कायमची काढून टाकता येतात ना?" ही विचारणा आता आपल्याकडेही होते. येतात, आणि ती काढणं म्हणजे काय हे नीट ऐका. मांजराचं नख शेवटच्या हाडातूनच उगवतं. ते कायमचं जावं म्हणून ते हाडच छाटावं लागतं. तुमच्या बोटाचं शेवटचं पेर सांध्यातून कापलं तर जे होईल, ते पुढच्या दहाही बोटांना. मांजर बोटांवर चालतं, तेव्हा त्यानंतरचं प्रत्येक पाऊल त्या थोटकांवर पडतं. काही मांजरं मातीच्या डब्यात पाय टाकायला नकार देतात, काही नखं नाहीत म्हणून दात वापरू लागतात. १९८७ च्या युरोपीय करारात उपचाराची गरज नसताना नखं काढण्याला नाव घेऊन मनाई आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती कायद्याने बंद केली. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमातही प्राण्याचं अंग छाटणं क्रूरतेत धरलेलं आहे. आणि आपल्या भागात तर नखं हा मांजराचा जीव आहे. बंगल्याच्या कुंपणाशी भटकी कुत्री असतात, भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत बिबट्या येतो. मांजर वाचतं ते झाडावर चढून.

मग काय करायचं? कापायची, मुळापासून नव्हे, टोकं. मांजराला साधारण अठरा नखं: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मांजर मांडीवर अर्धवट झोपेत असताना पंजा हातात घ्यायचा, बोटाच्या सांध्यावर वरून आणि गादीवर खालून हलका दाब द्यायचा, नख बाहेर येतं. उजेडात धरलं की मुळाकडे गुलाबी भाग दिसतो. तिथे रक्त आणि मज्जातंतू आहेत. त्याच्या दोन मिलिमीटर पुढे, फक्त वाकडं पारदर्शक टोक कापायचं. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालतील. रक्त आलंच तर तेच मक्याचं पीठ दाबून धरायचं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आतल्या बाजूचं, अंगठ्याच्या जागेचं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि म्हाताऱ्या मांजरात गोल वळून स्वतःच्याच गादीत रुततं. लांब केसांच्या मांजरात हे रुतलेलं नख पंजावरच्या केसांखाली महिनोन् महिने लपून राहतं. मांजर बाहेर हिंडत असेल तर फार छाटू नका, चढण्यापुरती धार ठेवा.

सोफ्याचं म्हणाल तर ओरबाडणं ही खोड नाही. नखाचं जुनं कवच उतरवायला, पाठ ताणायला आणि आपला वास ठेवायला मांजराला ते करावंच लागतं. सालीसकट आंब्याचा एखादा ओंडका उभा करा, नाहीतर खांबाला काथ्या घट्ट गुंडाळा किंवा गोणपाट ठोका. मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढी उंची हवी आणि तो हलता कामा नये. सोफ्याजवळच ठेवा, कोपऱ्यात नको. ज्या घरात शेतीच्या गोणी पडलेल्या असतात तिथे सोफा क्वचितच फाटतो.

ज्यांना हे रोज जमणार नाही, त्यांनी पर्शियन आणू नये असं मी स्पष्ट म्हणते. आपली तोकड्या केसांची मनी इथल्या पावसाला, कुसळांना आणि उन्हाला सरावलेली आहे, तिच्या जिभेचे काटे तिच्या कातडीपर्यंत पोचतात, आणि प्रत्येक गावात तिची पिल्लं घर शोधत असतात. तिलाही लस लागते, नसबंदी लागते, नखांवर नजर लागते. पण पाच दिवसांच्या गैरहजेरीत तिच्या अंगावर जटा होत नाहीत. नसबंदी न केलेले पर्शियन बोके मोकळे सोडल्याने दुसरा प्रश्न उभा राहतो. लांब केस दोन्हीकडून आले तरच उतरतात, त्यामुळे पहिल्या पिढीत काही दिसत नाही. पुढच्या पिढीत दोन्ही बाजूंनी तो गुण आला की गावच्या मांजरीच्या विणीत एखादं झुपकेदार पिल्लू निघतं, आणि ते कुणाचंच नसतं.

ज्यांच्याकडे पर्शियन आधीच आहे, त्यांच्या राखणदारांना हे शिकवायला एक सोयीचा दिवस आहे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनानिमित्त ठिकठिकाणच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीकरण होतं. कर्जत-खालापुरात तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो आणि गवताला कुसळ धरायला सुरुवात होते. लसीसाठी आणलेलं मांजर टेबलावर असतंच. त्याच वेळी तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याने पाच मिनिटं काढून त्याची दोन नखं कापून दाखवावीत, काखेत कंगवा कसा फिरवायचा ते दाखवावं, आणि हे मालकाला नव्हे तर मांजर घेऊन आलेल्या राखणदाराच्या हाताने करून घ्यावं. बंगल्यांच्या सोसायट्यांनी त्या दिवसासाठी कंगवे आणि मांजराच्या नखांच्या कात्र्या आणून ठेवाव्यात, आणि राखणदारांना तो दिवस पगारी द्यावा.